जपानी हातकागद ‘वाशी’ आणि त्यामागची झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुलेखन करणारे, पुस्तकबांधणी शिकणारे, जुन्या पोथ्यांची डागडुजी करणारे आणि नुसतेच कागदवेडे, सगळे जपानी कागदाबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून काढली आहेत. ‘हातकागद’ म्हटलं की सगळ्यांचं लक्ष कारागिराच्या हाताकडे जातं. माझं मत असं की या कागदाचं निम्म्याहून जास्त काम तो हात हौदात बुडण्याआधीच, शेतात आणि थंड पाण्यात झालेलं असतं. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांत तुम्हाला माणसांपेक्षा झाडंच जास्त भेटतील.

वाशी म्हणजे नेमका कोणता कागद?

झाडाच्या आतल्या सालीचे लांब धागे न तोडता मोकळे करून, जपानी पद्धतीने पाण्यातून उचललेला कागद. युरोपातून यंत्रावरचा कागद जपानमध्ये येईपर्यंत याला वेगळं नाव द्यायची गरजच नव्हती. कागद म्हणजे हाच. आज मात्र दुकानात याच नावाखाली यंत्रावर केलेला, लाकडाचा लगदा मिसळलेला मालही मिळतो. तो वाईट असतो असं नाही, पण या पानावर जे काही सांगितलं आहे त्यातलं बरंचसं त्याला लागू पडत नाही.

हा तांदळाचा कागद आहे का?

नाही. भारतातल्या कलासाहित्याच्या दुकानांत सर्रास ‘राइस पेपर’ म्हणून विकतात, तेवढ्यावर जाऊ नका. भाताच्या पेंढ्याचा लगदा काही स्वस्त सुलेखन कागदांत मिसळतात, हे खरं. पूर्वी कागद पांढरा आणि भरदार दिसावा म्हणून हौदात तांदळाचं पीठ घालायचीही रीत होती, पण असा कागद कसरीला फार आवडतो. कागदाचा कणा मात्र सालीच्या धाग्यांचाच.

मग कोणती झाडं वापरतात?

मुख्य तीन : कोझो, मित्सुमाता आणि गांपी.

कोझो म्हणजे कागदी तुती. तुती, वड, पिंपळ, फणस यांच्याच कुळातली. हिची झुडपं शेताच्या बांधावर, डोंगरउतारावर लावतात आणि दर हिवाळ्यात पानं गळाली की बुंध्यापासून छाटतात. वसंतात पुन्हा फुटवे येतात आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते पुरुषभर उंच होतात. म्हणजे झाड मारावं लागत नाही, एकच खुंट वर्षानुवर्षं पीक देतो. कोझोचा धागा सुमारे १ सेंटिमीटर लांब असतो. पाइनच्या लगद्यातला धागा ३ मिलिमीटरच्या आसपास आणि निलगिरीचा १ मिलिमीटरहूनही आखूड, हे लक्षात घेतलं की कोझोचा कागद हाताने फाडताना एवढा का झगडतो ते कळतं. घराच्या सरकत्या खिडक्यादारांचा कागद, छत्र्या, कंदील, लाकडी ठशांनी छापलेली चित्रं, हिशेबाच्या वह्या, सगळं प्रामुख्याने कोझोवर चालत आलं. आजही वाशीचा मोठा भाग कोझोचाच.

मित्सुमाताच्या प्रत्येक फांदीला तीन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा तीन. पानं यायच्या आधी, थंडी सरता सरता पिवळ्या फुलांचे गेंद लोंबतात. हिची तोडणी साधारण तीन वर्षांनी एकदा. धागा आखूड, ३-४ मिलिमीटरचा, पण मऊ आणि बारीक. त्यामुळे कागद गुळगुळीत होतो, छपाईची बारीक रेघ त्यावर स्वच्छ उमटते. दणकटपणात मात्र तो कोझोच्या मागे.

गांपी हा तिघांतला मानी गडी. याची लागवड जवळजवळ जमतच नाही, डोंगरात आपोआप वाढलेली झुडपं शोधून तोडावी लागतात. तोडणीही हिवाळ्यात नाही. वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला रस चढलेला असताना साल तशीच सोलून निघते, वाफ द्यावी लागत नाही. धागा बारीक आणि चपटा, त्याला स्वतःची चमक. कागद पातळ, अर्धपारदर्शक, अंड्याच्या कवचासारखा किंचित पिवळसर, आणि किडा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. एक खोड आहे : ओला झाला की आक्रसतो, सुरकुततो. शिमाने प्रांतातले आबे एइशिरो (१९०२-१९८४) यांनी आयुष्यभर गांपीच्या कागदावर काम केलं आणि १९६८मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. एकच कागद आयुष्यात हाताळायला मिळणार असेल, तर मी गांपी मागेन.

या तिघांआधी ताग-भांगेच्या जातीच्या रोपांचे धागे वापरत असत. ते तोडायला आणि कुटायला जड, म्हणून मागे पडले. बांबू आणि पेंढाही वापरात आहे, पण तो वेगळ्या पोताचा, बहुतेक सुलेखनापुरता.

यातली झाडं आपल्याकडे आहेत का?

कागदी तुती भारतीय उपखंडात बाहेरून आणून लावली गेली. इस्लामाबादेत ती इतकी माजली, की वसंतातल्या तिच्या परागांनी शहराला दमा-सर्दीने हैराण केलं आहे. मित्सुमाता आणि गांपीच्या कुळातलं एक झुडूप मात्र सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी नक्की पाहिलेलं असतं : रामेठा. महाबळेश्वर-माथेरानच्या पठारांवर पिवळ्या फुलांच्या झुबक्यांनी ओळखू येणारा, आणि मासे गुंगवायला वापरला जाणारा. नेपाळचा ‘लोक्ता’ कागदही याच कुळातल्या झुडपाचा. हिमालयात मित्सुमाताची सख्खी बहीणही वाढते, तिला नेपाळीत अर्गेली म्हणतात. तिची गोष्ट नोटांच्या प्रश्नात येईल.

फांदीपासून कागदापर्यंत काय काय करतात?

कोझोचंच उदाहरण घेऊ. डिसेंबर-जानेवारीत फांद्या छाटायच्या, सारख्या लांबीच्या करून मोळ्या बांधायच्या आणि मोठ्या कढईवर उभ्या करून, वरून लाकडी पिंप पालथं घालून वाफवायच्या. उकडलेल्या रताळ्यासारखा गोडसर वास गावभर सुटतो. फांद्या गरम आहेत तोवर साल एका ओढीत सोलून निघते. सोललेलं लाकूड सरपणाला जातं, कागदाला लागते ती सालच. सालीचेही थर असतात : वरचा काळा, मधला हिरवट, आतला पांढरा. सुरीने खरवडून काळा थर काढायचा. हिरवा ठेवायचा की काढायचा हे गावागावाच्या रीतीवर आहे. हिरवा राहिला तर कागद तांबूस, पण चिवट.

मग पांढरी साल भिजवून राखेच्या पाण्यात किंवा सोड्यात साधारण दोन तास शिजवतात. राख सौम्य, चुना मध्यम, कॉस्टिक सोडा जहाल. जेवढं रसायन जहाल तेवढं काम लवकर आटपतं आणि तेवढीच धाग्याची हानी होते. धाग्यांना जोडून ठेवणारे चिकट, लाकडी घटक विरघळावेत आणि धागा मात्र शाबूत राहावा, एवढाच शिजवण्याचा हेतू.

यानंतरचं काम पाहायला कोणी पर्यटक थांबत नाही, पण कागदाची जात इथे ठरते. शिजलेली साल वाहत्या थंड पाण्यात धुवून, एकेक पट्टी हातात घेऊन तिच्यातला काळा ठिपका, गाठ, सालपट बोटांनी वेचून काढतात. हे काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे असे, तेही ऐन थंडीत गारठलेल्या पाण्यात ओणवं बसून. रासायनिक ब्लीच मारलं तर ठिपके दिसेनासे होतात आणि हा सगळा खटाटोप वाचतो. चांगला कागद करणारे तरीही वेचतात. पांढरेपणासाठी नदीच्या उथळ पाण्यात उन्हाखाली साल पसरून ठेवायची जुनी रीत आहे. निईगाता प्रांतातल्या ओगुनीत साल बर्फावर पसरतात, आणि उचललेल्या ओल्या कागदांच्या थप्प्याही बर्फात पुरून ठेवतात, मग वसंताच्या उन्हात वाळवतात.

वेचलेली साल दगडावर किंवा लाकडी फळीवर मोगरीने कुटायची. इथे युरोपीय पद्धतीशी खरा फरक आहे. तिथे यंत्रात पात्यांखाली चिंध्यांचा धागा कापला-चिरडला जातो, इथे तो नुसता एकमेकांपासून सुटा होतो.

मग हौद. पाण्यात धागा आणि ‘नेरी’ नावाचा चिकट रस कालवायचा. हिनोकीच्या (जपानी सायप्रसच्या) लाकडाची बिजागरीची चौकट, तिच्यात बारीक बांबूकाड्यांची रेशमी दोऱ्याने विणलेली चटई. पहिल्या बुडीत पातळ थर पटकन पसरवून पाणी फेकून द्यायचं, यात कागदाची पुढची बाजू तयार होते. मग पुन्हा पुन्हा बुडवून, मागे-पुढे झुलवत थरावर थर. शेवटी वरचं पाणी एका झटक्यात पलीकडे टाकायचं, त्याबरोबर तरंगणारा कचराही जातो. या पद्धतीला नागाशिझुकी म्हणतात. मिनो या कागदगावाचे कारागीर उभं आणि आडवं असं दोन्हीकडे झुलवतात, म्हणून त्यांच्या कागदाचे धागे चारी दिशांनी गुंफलेले असतात.

उचललेले कागद एकावर एक, मध्ये काहीही न घालता रचतात. पाश्चात्त्य पद्धतीत दोन कागदांमध्ये लोकरीचं कापड लागतंच. रात्रभर हळूहळू दाब वाढवत पाणी काढतात आणि सकाळी ती थप्पी वहीच्या पानांसारखी उलगडते. एकेक ओला कागद ब्रशने फळीवर चिकटवून उन्हात ठेवायचा, किंवा तापवलेल्या लोखंडी पत्र्यावर. उन्हात वाळलेल्या कागदावर लाकडाच्या रेषांचा ठसा पुसट दिसतो.

एवढं सगळं करून शंभर किलो फांद्यांतून चांगला कागद निघतो चार किलोच्या आसपास.

नेरी म्हणजे गोंद का?

अगदी उलट. नेरी कागद चिकटवत नाही. ती येते तोरोरो-आओईच्या मुळातून, आणि हे रोप भेंडीच्याच वंशातलं. मुळं ठेचून भिजवली की भेंडी चिरताना सुटते तशी तार येते. या रसाने हौदातलं पाणी दाट होतं. लांब धागे त्यात गोळा न होता तरंगत राहतात, आणि चटईतून पाणी सावकाश निथळतं, म्हणून कारागिराला झुलवायला वेळ मिळतो. पुढे दाबाखाली नेरीची तार मोडून जाते, म्हणूनच थप्पीतले कागद सुटे होतात.

उन्हाळ्यात ही तार हौदातच लवकर मोडते. थंडीत कागद करण्यामागे रिकाम्या शेतकऱ्याला हिवाळी धंदा हे एक कारण, पण नेरीची थंडीची आवड हे दुसरं आणि जास्त ठाम कारण. नारा प्रांतातल्या योशिनोत तोरोरोऐवजी रानहायड्रेंजियाच्या सालीचा रस वापरतात.

जपानमध्ये कागद कधी आला?

चीनमधून, कोरियामार्गे. ‘निहोन शोकी’ या इतिहासग्रंथात ६१० साली कोरियातून आलेला दोन्चो हा भिक्खू रंग, शाई आणि कागद करण्यात निष्णात असल्याची नोंद आहे. कागद त्याआधीच आला असावा असं बरेच अभ्यासक मानतात. नाराच्या शोसोइन भांडारात ७०२ सालच्या कुटुंबगणनेच्या नोंदी आजही आहेत, त्यातल्या काही मिनोच्या कागदावर. आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकूने लाकडाचे दहा लाख छोटे स्तूप करवून प्रत्येकात छापील धारणीमंत्राची गुंडाळी ठेवली. ज्यांचा काळ नक्की ठाऊक आहे अशा जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांत त्यांची गणना होते. एवढा कागद कोणी आणि किती थंडीत केला असेल, याची नोंद अर्थातच कोणी ठेवली नाही.

नवव्या शतकाच्या सुरुवातीला क्योतोत सरकारी कागदखाना निघाला आणि नागाशिझुकीची पद्धत याच काळात रुळली. पुढे तिथे जुनी पत्रं, दप्तरं पुन्हा भिजवून कागद करू लागले. शाई पुरती निघत नसे, म्हणून तो राखाडी होई. रद्दीच्या पुनर्वापराचा हा इतिहास हजार वर्षांचा आहे.

वाशी हजार वर्षं टिकते हे खरं, की जाहिरात?

शोसोइनमधले कागद तेराशे वर्षांचे आहेत, तेव्हा खरं. पण त्याची कारणं साधी आहेत. धागा लांब आणि न तुटलेला. लाकडातला जो घटक उजेडात पिवळा पडतो, तो सालीत मुळात कमी आणि शिजवताना आणखी कमी झालेला. शिजवणं क्षारात, त्यामुळे कागदात आम्ल नाही. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून यंत्रावरच्या कागदाला तुरटी आणि राळ लावू लागले. त्यातलं आम्ल कागदाला आतून खातं. आजोबांच्या काळची पुस्तकं हातात घेतली की कडा चुरचुरतात, त्याचं हे कारण.

एक मात्र ध्यानात ठेवा. चित्रासाठी शाई फुटू नये म्हणून जपानी कागदावरही सरस आणि तुरटीचं पाणी फिरवतात. तुरटी जास्त झाली तर वाशीही म्हातारी होते. आणि कसर, वाळवी, दमट हवा यांच्यापुढे कोणताच कागद अमर नाही. जुन्या काळी पोथ्यांचा कागद किहादा नावाच्या झाडाच्या कडू पिवळ्या सालीत रंगवत, ते किडा लागू नये म्हणूनच. आपल्याकडे हरताळ लावलेल्या पोथ्या पिवळ्या दिसतात, तिथेही हाच विचार होता.

जुन्नरी-दौलताबादी कागद आणि वाशी यांत फरक काय?

पेशवाईतली मोडी दप्तरं ज्या जुन्नरी, दौलताबादी कागदावर लिहिली गेली, त्या कागदाची परंपरा पश्चिमेकडून, इस्लामी जगातून आलेली. कच्चा माल चिंध्या, जुनी गोणपाटं, दोर. म्हणजे एकदा कापड किंवा दोर होऊन झिजलेला धागा. जपानी कागदाचा धागा थेट झाडावरून येतो. दुसरा फरक लेखणीचा. आपला लेखक बोरूने लिहायचा, त्याला टणक, गुळगुळीत पाठ हवी. म्हणून कागदाला खळ लावून दगडाने घोटत. जपानी लेखक कुंचल्याने लिहायचा, त्याला शाई पिणारा मऊ कागद चालत असे, बऱ्याचदा तोच हवा असे. दोन्ही कागद आपापल्या लेखणीच्या मापाने घडले. खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि पुण्याच्या हातकागद संस्थेत आपली परंपरा अजून पाहता येते. तिथला कापसाच्या चिंध्यांचा जाड कागद जलरंगाला उत्तम, आणि ‘वाशीसारखा’ म्हणून तो विकायची काहीच गरज नाही.

कोणत्या गावचा कागद कशासाठी ओळखतात?

फुकुई प्रांतातलं एचिझेन सर्वांत वजनदार नाव. पंधराशे वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक स्त्री प्रकटली आणि ‘इथे शेती नाही पिकायची, पण पाणी निर्मळ आहे, कागद करा’ म्हणून शिकवून गेली अशी आख्यायिका आहे. ती कावाकामी गोझेन, कागदाची देवी. तिचं मंदिर तिथे आहे आणि ३ ते ५ मे रोजी तिचा उत्सव भरतो. ठशांच्या चित्रांचा जाड, मऊ ‘होशो’ कागद इथलाच. इवानो इचिबेइ हे नाव होशो करणाऱ्या एका घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालतं. आठवे १९६८मध्ये आणि नववे २००० साली राष्ट्रीय ठेवा ठरले.

गिफू प्रांतातलं मिनो खिडक्यांच्या आणि कंदिलांच्या पातळ, एकसारख्या कागदासाठी. शिकोकू बेटावरचं कोची, म्हणजे जुनं तोसा, तलम कागदासाठी. तिथल्या योशिइ गेन्ता यांनी एकोणिसाव्या शतकात चौकट मोठी करून एका बुडीत अनेक कागद निघतील अशी सोय केली, आणि टाइपरायटरसाठी तोसाचा तलम कागद परदेशी जाऊ लागला. ह्योगो प्रांतातल्या नाजिओत गांपीत स्थानिक माती मिसळतात. त्यामुळे कागद उन्हाने विटत नाही, आणि सोन्याचा वर्ख ठोकायला तो लागतो. तोत्तोरीकडचा इन्शू कागद सुलेखनवाल्यांचा.

युनेस्कोच्या यादीत कोणती वाशी आहे?

२००९मध्ये शिमाने प्रांतातला सेकिशू-बान्शी गेला. २०१४मध्ये त्याच्याबरोबर मिनोचा होन-मिनोशी आणि साइतामा प्रांतातला होसोकावा-शी जोडून एकत्र नोंद झाली. तिन्ही निव्वळ कोझोचे. होन-मिनोशीसाठी कोझो येतो दूरच्या इबाराकी प्रांतातल्या दाइगोहून. म्हणजे ‘मिनोचा’ कागदही रोप पाहता इबाराकीचा.

कागदाचे कपडे खरंच घालत?

अजूनही घालतात. नाराच्या तोदाइ-जी मंदिरात ७५२पासून चालत आलेल्या शुनि-ए या व्रतात भिक्खू कागदी झगे घालतात. कागद चुरगळून मऊ करायचा आणि कोन्याकूच्या कंदाची खळ द्यायची. कोन्याकू म्हणजे आपल्या सुरणाचा भाऊबंद. कागद उबदार आणि पाण्याला दाद न देणारा होतो. मियागी प्रांतातल्या शिरोइशीत कागदाच्या पट्ट्या वळून सूत काढत आणि त्याचं कापड विणत.

याच कोझो कागदाने आणि याच खळीने दुसऱ्या महायुद्धात बाँब वाहणारे फुगे केले. सुमारे १० मीटर व्यासाचे, हायड्रोजन भरलेले. थर चिकटवायला शाळकरी मुलींना जुंपलं होतं. नोव्हेंबर १९४४ ते एप्रिल १९४५ या काळात ९ हजारांहून अधिक फुगे वाऱ्यावर सोडून अमेरिकेकडे धाडले. ५ मे १९४५ रोजी ओरेगॉनमध्ये त्यातल्या एकाच्या स्फोटात एक गरोदर स्त्री आणि पाच मुलं मेली. वाशीच्या गोडगोड माहितीपत्रकांत हे पान सहसा नसतं.

जपानी नोटा वाशीच्या असतात का?

हाताने केलेल्या नाहीत, पण एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळापासून मित्सुमाता त्यात असतो, जोडीला केळीच्या वंशातला मनिला धागा. जपानच्या डोंगरगावांतून मित्सुमाता लावणारे फारसे उरले नाहीत, तेव्हा मागणी नेपाळकडे वळली. ३ जुलै २०२४ला आलेल्या नव्या येन नोटांतही नेपाळी डोंगरउतारावर वाढलेल्या अर्गेलीची साल आहे.

वाशी टेप आणि ओरिगामीचा कागद?

टेप यंत्रावरच्या कागदाची. ओकायामा प्रांतातली कामोइ ही कंपनी १९२३मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद करायला निघाली, पुढे रंगाऱ्यांची टेप करू लागली, आणि २००८मध्ये तिने रंगीबेरंगी टेप बाजारात आणली. ओरिगामीचे चौकोनी ताव बहुतेक साध्या लगद्याचे असतात. कोझो घडीला फार उसळतो. बारीक, किचकट घड्यांसाठी पातळ गांपी हवा.

खरी वाशी ओळखायची कशी?

कोपरा फाडून पाहा. लांब केसाळ धागे बाहेर आले तर सालीचा कागद, कड तुकतुकीत तुटली तर लगद्याचा. उजेडाकडे धरला की चटईच्या काड्यांच्या बारीक रेघा आणि अधूनमधून दोऱ्याची उभी रेघ दिसते, पण यंत्रावरही त्यांची नक्कल होते, तेवढ्यावर विसंबू नका. दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : धागा कोणता आणि किती टक्के, शिजवला कशात, वाळवला कशावर. चांगल्या दुकानात उत्तर मिळतं. थायलंडची कोझो स्वस्त असते आणि सरावाला ठीक, मात्र तिच्यात तेलकट अंश जास्त.

माझी शाई फुटते. कागद खराब आहे का?

नाही, त्याला सरस-तुरटीचं पाणी दिलेलं नाही एवढंच. फाउंटन पेनने लिहायचं तर ‘दोसा’ (हेच पाणी) लावलेला कागद मागा, किंवा गांपी घ्या, तो मुळातच कमी पितो. फळीला चिकटलेली बाजू गुळगुळीत, ती पुढची. ब्रश फिरलेली खरबरीत, ती मागची. कापायचा असेल तर कात्रीऐवजी ओल्या कुंचल्याने रेघ ओढा आणि दोन्हीकडे हलकेच ताणा. सुटलेल्या धाग्यांची कड चिकटवताना दिसेनाशी होते.

जुन्या कागदपत्रांच्या डागडुजीत जपानी कागदच का?

कारण तो पातळ असून दम धरतो आणि मूळ कागदावर आम्ल सोडत नाही. कोचीतल्या हिदाका गावी यंत्रावर केला जाणारा सर्वांत तलम कोझो चौरस मीटरला १.६ ग्रॅम भरतो. झेरॉक्सचा कागद ७५ ग्रॅमच्या आसपास असतो. हा तलम कागद अक्षरांवरून चिकटवला तरी मजकूर वाचता येतो. चिकटवायची ती गव्हाच्या सत्त्वाची खळ, चिकातला ग्लुटेन काढून टाकलेली. उद्या कोणाला ही दुरुस्ती काढावीशी वाटली तर पाण्याने निघते. घरच्या जुन्या पत्रिका, सनदा असतील तर मात्र आधी जाणकाराला दाखवा. मोडी कागदांतल्या काही शाया पाणी लागताच पसरतात. सेलोटेप तर कधीच नको.

एवढा महाग का? आणि हा धंदा बुडतोय का?

महाग का, ते वरच्या चार किलोंच्या हिशेबात आलं. बुडण्याचं म्हणाल तर १९०१ साली जपानमध्ये सुमारे ६८ हजार घरं कागद करत होती. आज ती काही शेच उरली आहेत. वर्तमानपत्रं वारस नसलेल्या कारागिराचा फोटो छापतात. मला त्याहून काळजीची वाटते ती त्याच्या मागची रांग. कोझो छाटणारे शेतकरी सत्तरीपुढे गेले आहेत. तोरोरो-आओईला कळ्या खुडायच्या, तण हाताने काढायचं, अशी कंबर मोडणारी शेती लागते आणि ती इबाराकीतल्या मोजक्या कुटुंबांवर टेकली आहे. बांबूच्या काड्या तासून चटई विणणारे तर हाताच्या बोटांवर मोजावेत. कागद शिकायला शहरातून तरुण येतात, प्रदर्शनंही भरवतात. कोझोच्या बांधावर राबायला कोणी येत नाही. सरकारी सन्मान हौदापाशी थांबतो, शेतापर्यंत पोचत नाही.

घरी करून पाहता येईल?

हौस म्हणून, जरूर. कागदी तुती नसेल तर साध्या तुतीची साल घ्या. समरकंदचा कागद तिचाच. रेशीम शेती करणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे छाटलेल्या फांद्या मिळतात. वाफवा, सोला, खरवडा, धुण्याच्या सोड्यात शिजवा (भांडं स्टीलचं, अॅल्युमिनियमचं नको, आणि खिडकी उघडी), धुवा, वेचा, मोगरीने कुटा. नेरीच्या जागी भेंडी भिजवलेलं बुळबुळीत पाणी चालवून घ्या. कागद जाडाभरडा होईल. मिक्सरमध्ये साल फिरवायचा मोह आवरा. धागा तुटला की उरतो तो लगदाच.

जपानला गेल्यावर कुठे पाहायचं?

वेळ कमी असेल तर तोक्योतच : निहोनबाशीतलं ओझू वाशी हे १६५३पासूनचं दुकान, तिथे कागद उचलूनही पाहता येतो, आणि आसुकायामा बागेतलं कागदाचं संग्रहालय. एका दिवसाची सवड असेल तर इकेबुकुरोहून तोबू-तोजो रेल्वेने ओगावामाची गाठा, होसोकावा-शीचं गाव. दोन-तीन दिवस असतील तर एचिझेन किंवा मिनो, तेही जानेवारी-फेब्रुवारीत. बाकीच्या ऋतूंत प्रात्यक्षिकं दाखवतात, थंडीत खरं काम चालू असतं. लोकरीचे मोजे न्या. कागदखान्यांच्या फरशा कायम ओल्या असतात आणि बूट बऱ्याचदा बाहेर काढावे लागतात.